घर पहिल्या गिअरमध्ये

तेलरांधे काकांच्या घराला कोणी गाडी म्हटलं की त्यांना राग येतो. आता ज्या घराला सहा चाकं आहेत, स्टिअरिंग आहे आणि पाठीवर ‘हॉर्न द्या’ असं लिहिलेलं आहे, त्याला माणसाने दुसरं काय म्हणायचं? पण आमच्या पिपरी मेघेच्या कॉलनीत एखाद्याने सहज विचारावं, “काय काका, गाडी काढली का आज?” तर काका आधी डावीकडे बघतात, मग उजवीकडे, आणि मग अगदी थंड आवाजात सांगतात, “गाडी मी विकली. हे घर हाये.”

विकली ती त्यांची जुनी स्कूटर. त्यामुळे वाक्य खोटंही नसतं.

बोलणंही सगळं त्याच वळणाचं. “घरात डिझेल टाकून आनतो.” “घर पंक्चर झालं.” “काल घर सेकंड गिअरमधे पडूनच नाई राह्यलं.” एकदा बँकेच्या रांगेत ते फोनवर कोणाला तरी सांगत होते, “सेलूच्या वळनावर घर कलंडता कलंडता वाचलं.” ते ऐकून पुढे उभ्या असलेल्या बाईंनी त्यांना रांगेतला आपला पुढचा नंबर दिला. बिचाऱ्याचं घर पडतंय, त्याचं काम तरी लवकर होऊ दे, असं त्यांना वाटलं असणार. काकांनी नंबर घेतला, काम करून घेतलं आणि बाईंना नमस्कारही केला. खुलासा मात्र केला नाही.

मी काकांचा शेजारी, आणि त्याआधी अकरा वर्षं त्यांच्या हाताखालचा मास्तर. आमच्या शाळेत ते पर्यवेक्षक होते आणि शाळेचं वेळापत्रक लावणं हाच त्यांचा धर्म होता. चार रंगांच्या पेन्सिली, एक फूटपट्टी आणि मे महिन्याची अख्खी सुट्टी, एवढं भांडवल घेऊन ते बसत आणि जूनमध्ये असं वेळापत्रक भिंतीवर लागे की त्यात मुंगीला शिरायला जागा नसे. गणिताच्या तासाला इतिहास शिकवणारा माणूस त्यांच्या लेखी पाकीटमारापेक्षा वाईट. निवृत्त झाले तरी शाळा त्यांच्यातून निवृत्त झाली नाही. गप्पा मारता मारता ते घड्याळाकडे बघतात आणि “तास संपला” म्हणून उठतात. समोरचा माणूस वाक्याच्या मध्यावर असला तरी. माझ्या मुलाच्या बारशाचं आमंत्रण द्यायला मी गेलो होतो. तारीख सांगून झाली, वेळ सांगायची राहिली, तेवढ्यात तास संपला. तरी बारशाला ते वेळेच्या आधी हजर होते. आमच्याही आधी. आम्ही कार्यालयाचं दार उघडलं तर काका पायरीवर बसलेले.

दोन वर्षांपूर्वी काकू गेल्या. त्यानंतर मी एकदा चहाला गेलो तेव्हा स्वयंपाकघराच्या भिंतीवर नवं वेळापत्रक लागलेलं दिसलं. ‘६.०० ते ६.२० चहा (स्वतः). ६.२० ते ७.०० झाडझूड (स्वतः).’ प्रत्येक ओळीपुढे कंसात ‘स्वतः’. आधीच्या वेळापत्रकात त्या कंसात कोण होतं हे विचारायची गरज नव्हती. मी चहा पिऊन तास संपायच्या आत उठलो.

आणि मग एके दिवशी त्यांच्या फाटकासमोर ती पिवळी मिनीबस येऊन उभी राहिली. कुठल्याशा शाळेने मोडीत काढलेली, सीटांचे दांडे मुलांनी चावलेले. सुताराने चार महिने तिच्यात ठोकाठोक केली. आत एक पलंग, एक घडीचा पलंग, ओटा, गॅस, छोटा फ्रिज, देवघर. आणि देव वळणावर पडू नयेत म्हणून प्रत्येक देवाला मागून पितळेची कडी. टपावर पाण्याची टाकी. मागे लोखंडी कड्यात तुळस. दाराला बेल. बेल वाजवल्याशिवाय ते कोणाला आत घेत नाहीत आणि स्वतः आत जातानाही सवयीने वाजवतात. फाटकावरची ‘तेलरांधे’ ही पाटीसुद्धा उपटून त्यांनी बसच्या दाराला लावली, आणि कंपाउंडच्या भिंतीतल्या चार विटा काढून सोबत घेतल्या. का, तर घर जिथे उभं राहील तिथली जमीन सपाट असेलच असं नाही. चाकाखाली वीट घालायची, आत जमिनीवर पाण्याने भरलेला पेला ठेवायचा आणि पाणी सरळ दिसेपर्यंत घर पुढे-मागे करायचं. “पन विटा आपल्याच पायजे,” ते म्हणाले. “पाया परका नसावा.”

कॉलनीत त्यांनी जाहीर केलं की भारत पाहणार. कॉलनीने मागे मनसोक्त हसून घेतलं. खोटं कशाला सांगू, सगळ्यात मोठा आवाज माझा होता. भारत दर्शनाची रंगीत तालीम म्हणून ते केळझरला गणपतीच्या दर्शनाला निघाले. तासाभराचा रस्ता. सकाळी गेले, दिवेलागणीला परतले. पहिल्याच गतिरोधकावर ओट्याखालची कपाटं उघडली आणि तूरडाळ, तांदूळ, साखर, पोहे सगळे एका जागी आले. काका रस्त्याच्या कडेला बसून दिवसभर निवडत होते. साखरेचं काय केलं ते मी विचारलं नाही, पण पुढचे आठ दिवस त्यांच्याकडची खिचडी गोड होती.

खरी गंमत झाली ती वास्तुशांतीला. लोक नव्या गाडीची पूजा करतात, चाकाखाली लिंबू ठेवतात. काकांनी भटजी बोलावून बसची रीतसर वास्तुशांत मांडली. आता वास्तुपुरुष आग्नेय कोपऱ्यात बसवायचा असतो. भटजींनी होकायंत्र काढलं, बसकडे पाहिलं आणि कपाळावरचा घाम पुसला. “तेलरांधे सर, आग्नेय कोपरा कोणता धरू? तुम्ही उद्या हे वळवसान तं आग्नेयेचा नैर्ऋत्य होईन.”

“आज कोनता हाये?”

“आज ड्रायव्हरच्या मागचा.”

“मंग थोच. घर आजच्या तारखेले उभं हाये. उद्याची दिशा उद्या.”

जेवणं झाली, पाहुणे गेले आणि मी न राहवून विचारलं, “काका, भारत पाहायले वास्तुशांत कशाले लागते?” तेव्हा पहिल्यांदा त्यांनी मला आत पलंगावर बसवून सगळं सांगितलं, आणि तास संपला असं एकदाही म्हटलं नाही.

आमच्याकडे गणपतीच्या दिवसांत पुष्कळ घरांत महालक्ष्म्या बसतात. ज्येष्ठा आणि कनिष्ठा, दोघी बहिणी, तीन दिवसांच्या माहेरपणाला येतात. पहिल्या दिवशी येणं, दुसऱ्या दिवशी पुरणपोळी-आंबिलीचं जेवण, तिसऱ्या दिवशी जाणं, आणि तिन्हींच्या वेळा पंचांगात ठरलेल्या. ज्या घरच्या महालक्ष्म्या त्याच घरी बसतात; उचलून दुसऱ्याच्या घरी मांडता येत नाहीत. तेलरांध्यांच्या घरी त्या काकांच्या आजीपासून बसत आलेल्या. आणि दर वर्षी काकूंच्या हाताशी माहेरवाशीण असायची, काकांची एकुलती एक मुलगी नंदा. तिला दिलेली संबलपूरला, पार ओडिशात. जावई तिकडच्या कारखान्यात. तीन वर्षांपूर्वी तिच्या सासूचं अर्धं अंग गेलं आणि नंदाचं माहेर बंद झालं. म्हातारीला दर दोन तासांनी कूस बदलून द्यावी लागते, आणि तिला दुसऱ्या कोणाचा हात चालत नाही. आईच्या तेराव्याला नंदा सकाळी आली आणि संध्याकाळच्या गाडीने परत गेली.

“गेल्या साली मी एकट्यानंच बसवल्या,” काका म्हणाले. “साड्या नेसवल्या, पुरन केलं, सोळा भाज्या केल्या. मंग पाटावर बसलो आन वाटलं, माहेरवाशीन नाई त्या घरी ह्या कोनाच्या भरवशावर येऊन राह्यल्या? आवंदा तसं नाई करायचं.”

“मंग तुम्हीच जा न नंदाकडं तीन दिवस.”

“मी गेलो म्हनजे तिले एक मानूस वाढला. दोन खोल्यांचं क्वार्टर, एका खोलीत सासू खाटंवर. मायासाठी दोन पोळ्या जास्त लाटन, थे काय माहेर झालं? आन महालक्ष्म्या तिच्या घरी बसत नाई. मंग उरलं काय, सर? घरच नेनं. तिच्या दारासमोर आपलं घर उभं करतो. थे चार पावलं चालत माहेरी येईन. तीन दिवस मी करीन, थे बसन.”

वेळापत्रकातला पेच सोडवावा तसा त्यांनी तो सोडवला होता. मुलगी माहेरी येऊ शकत नाही, मी सासरी राहू शकत नाही, देवी घर सोडू शकत नाही. सबब घर हलवावं. मला हसू आलं नाही. वाटलं, की आतापर्यंत हसलो ते सगळं कोणीतरी माझ्याकडून परत घ्यावं.

त्यामुळे “तुमच्याकडं तं महालक्ष्म्या नाई बसत, तुम्ही रिकामेच असान” असं म्हणून त्यांनी मला सोबत यायला सांगितलं तेव्हा मी हो म्हणालो. एरवी मी माझी उशी सोडून कुठेही जाणारा माणूस नाही. माझ्या बायकोने तर मी विचार बदलू नये म्हणून आदल्या दिवशीच माझी पिशवी भरून त्यांच्या घरात नेऊन ठेवली.

निघालो. काका चालवत होते. साठाव्या वर्षी शिकलेला माणूस चालवतो तसं, म्हणजे दोन्ही हातांनी स्टिअरिंगला घट्ट धरून, ते पळून जाईल या भीतीने. वेग चाळीस. चाळीसच्या वर गेलं की भांडी बोलायला लागतात. वेळापत्रक काचेवर चिकटवलेलं: पहिला तास नागपूर, दुसरा तास भंडारा, मधली सुट्टी देवरी. तिसऱ्या दिवशी सकाळी अकराला संबलपूर, आणि सूर्य मावळायच्या आत महालक्ष्म्यांचं आवाहन. “वेळेवर म्हनजे वेळेवर,” काका दर अर्ध्या तासाने म्हणत.

महालक्ष्म्यांचे पितळी मुखवटे मऊ धोतरात गुंडाळून माझ्या मांडीवर दिलेले होते, एका मांडीवर ज्येष्ठा, दुसऱ्या मांडीवर कनिष्ठा. देवी सामानात जात नाहीत असं काकांचं म्हणणं. त्यांची पत्र्याची धडं, पोलकी घातलेली, मागच्या सीटवर पट्ट्याने बांधून बसवली होती. टोलनाक्यावरच्या माणसाने खिडकीतून डोकावलं आणि त्याचा चेहरा पांढरा पडला.

“पीछे दो लेडीज बैठी हैं... उनका सिर कहाँ है?”

“सिर सामने हाय,” काका म्हणाले. “सर के गोदी में.”

मी धोतराचं टोक बाजूला करून त्याला ज्येष्ठेचं दर्शन घडवलं. त्याने हात जोडले आणि दांडा वर केला. गाडीचा प्रकार कोणता, असं त्याने सुरुवातीला विचारलं होतं. काकांनी “मकान” म्हणून सांगितलं होतं. ते त्याने काय लिहून घेतलं देव जाणे.

रायपूरच्या पुढे काकांच्या वेळापत्रकात वीस मिनिटांची तूट आली. माझ्यामुळे. मला चहाबरोबर समोसा खायचा होता. ती भरून काढायला त्यांनी हमरस्ता सोडून एक आतला रस्ता धरला. त्या रस्त्यावर रेल्वेखालून जाणारा बोगदा होता आणि बोगद्याच्या आधी उंच गाड्या अडवायला आडवा लोखंडी दांडा. काका थांबले, डायरी काढली, घराची उंची वाचली, दांड्यावरचा आकडा वाचला आणि म्हणाले, “चार बोटं मोकळी राह्यते. चला.” उंची अगदी बरोबर मोजलेली होती. फक्त ती टपावर टाकी बसवायच्या आधी मोजलेली होती.

धाडकन आवाज झाला आणि पुढच्या क्षणी टाकीतलं सगळं पाणी छताच्या झडपेतून आत आलं. मी दोन्ही मुखवटे डोक्याच्या वर धरून बसलो होतो आणि माझ्या मांडीवरून समोसे वाहून गेले. गहू भिजले, रांगोळीचा चिखल झाला, पंचांगाची पानं चिकटली. काका स्टिअरिंग धरून समोर बघत राहिले. “घर पयल्यांदाच गळलं,” ते म्हणाले. तिथून उलटं निघायला तीन तास लागले, कारण उलटं चालवणं काकांनी शिकवणीच्या शेवटच्या आठवड्यासाठी ठेवलं होतं आणि त्या आठवड्यात शिकवणाराच आजारी पडला होता. शेवटी मी आणि बकऱ्या चारणारे दोन बाबा मिळून घर मागे ढकलत आलो.

इतकं होऊनही आम्ही तिसऱ्या दिवशी सकाळी वेळेत होतो. सरायपाली मागे पडलं, ओडिशा सुरू झाला, संबलपूर पासष्ट-सत्तर किलोमीटरवर आलं. काका चक्क गुणगुणायला लागले. आणि एका लहानशा चढावर घराने नुसताच आवाज केला, पुढे जाईना. जळका वास सुटला. बाहेर पडून पाहिलं तर समोरच ट्रकांचं गॅरेज होतं, एवढं एक नशीब.

साहू नावाचा मिस्त्री बसखाली गेला, बाहेर आला आणि हात पुसत म्हणाला, “बाबूजी, क्लच प्लेट जल गया. इस मॉडल का रायपुर से आएगा. परसों दोपहर तक.”

परवा दुपार म्हणजे महालक्ष्म्या जायचा दिवस.

काका जाऊन बसच्या पायरीवर बसले. मी म्हणालो, “काका, टॅक्सी करू. मुखवटे घेऊन नंदाकडंच जाऊ. देवी काय, समजून घेते.”

“देवी घेईन समजून,” ते म्हणाले. “पन थ्या तिच्या घरी बसल्या म्हनजे करनार कोन? नंदाच. सासूचंही नंदाच, देवीचंही नंदाच. याच्यासाठी मी घर आनलं का?” आणि मग, माझ्याकडे न बघता, “चाळीस वर्सं लोकायचे तास लावले, सर. मायाच पोरीचा एक तास लावता नाई आला मले.”

मी त्यांच्या हाताखाली अकरा वर्षं काढली, पण त्यांचा आवाज असा खाली आलेला कधी ऐकला नव्हता. मी फोन घेऊन ट्रकांच्या मागे गेलो आणि नंदाला लावला. काकांना न विचारता. सगळं सांगून टाकलं, बोगद्यासकट. ती म्हणाली, “सर, ठेवा. मी दहा मिनिटांत करते.” दहा मिनिटांनी तिचा फोन काकांनाच आला. जावयाने तीन दिवसांची रजा टाकली होती. आईचं मी बघतो, म्हणाला होता, रागावली तरी बघतो. नंदा दीडच्या बसने निघत होती.

काकांनी फोन ठेवला, घड्याळ बघितलं आणि उठले. “सर, विटा काढा.”

साहूच्या अंगणात, दोन ट्रकांच्या मधे, आम्ही घर लावलं. धक्का देऊन विटांवर चढवलं, पेला ठेवला, पाणी सरळ केलं. काकांनी अंगण झाडलं. जमिनीत मुरलेल्या ऑइलवर राख टाकली. रांगोळी वाहून गेली होती, तर साहूने पोतंभर चुना पुढे केला आणि काकांनी त्याचीच रांगोळी काढली, फूटपट्टीने. मग आम्ही दोघे पुरुष महालक्ष्म्यांना साड्या नेसवायला बसलो. ज्येष्ठेच्या निऱ्या तिच्या पाठीवर गेल्या. कनिष्ठेला नेसवून झाल्यावर तीन हात साडी शिल्लक उरली आणि ती कुठे खोचायची यावर आमचं पहिलं खरं भांडण झालं.

चारच्या सुमारास नंदा आली. खांद्याला पिशवी, चेहरा ओढलेला, वयापेक्षा दहा वर्षांनी मोठी दिसणारी. बस, विटा, तुळस, दारावरची पाटी, सगळ्यावरून तिची नजर फिरली.

“बाबा, फाटकाची पाटी काऊन काढून आनली?”

“घर इथी हाये तं पाटी तथी कशाले?” काका म्हणाले.

तिने महालक्ष्म्यांकडे पाहिलं आणि हसू दाबत आधी दोघींची लुगडी सोडली. सूर्य ट्रकांच्या मागे उतरायला लागला तेव्हा आवाहन झालं. आमच्याकडची पद्धत अशी की घरची लेक किंवा सून मुखवटे घेऊन अंगणातून आत येते आणि आतून कोणीतरी विचारतं, कोण आली? तिने म्हणायचं, महालक्ष्मी आली. काका बसच्या आत उभे होते, मी ताट वाजवत होतो, साहू आणि त्याची बायको बाहेर हात जोडून. नंदा कुंकवाची पावलं उमटवत पायरीशी आली.

“कोन आली?” काकांनी विचारलं.

“महालक्ष्मी आली.”

“कोन आली?” रीतीप्रमाणे पुन्हा विचारायचं असतं, पण दुसऱ्या वेळी काकांचा आवाज मधेच तुटला. नंदा पायरीवर थांबली. “मी आली, बाबा,” ती म्हणाली, आणि दोन्ही हातांत मुखवटे असल्यामुळे तिला डोळेही पुसता आले नाहीत. मी ताट वाजवत राहिलो.

दुसरा दिवस काकांचा होता. पहाटे उठून त्यांनी पुरण शिजवलं. पोळीत घालताना पुरण एकीकडे गेलं आणि पोळी एकीकडे, तरी त्यांनी एकावन्न पोळ्या केल्या. आंबील केली, भाज्या केल्या, महालक्ष्म्यांच्या डोक्यावर फुलोरा टांगला. नंदाने ओट्याकडे पाऊल टाकलं की, “बस. तुया तास नाई हा.” तिला बसायची सवयच राहिली नव्हती. पाच मिनिटं बसे आणि दचकून उठे, दर दोन तासांनी तर हमखास, झोपेतूनसुद्धा. अंथरुणात हात चाचपून बघे आणि मग आपण कुठे आहोत ते आठवून परत आडवी होई. काका ते बघत. साहूची माणसं, ट्रकवाले, सगळे पंगतीला बसले. एका ड्रायव्हरने सात पोळ्या खाल्ल्या आणि काकांना ‘माताजी’ म्हणाला. काकांनी ते मानाने घेतलं.

तिसऱ्या दिवशी दुपारी क्लच प्लेट आली. विसर्जनाचा मुहूर्त साडेतीनपर्यंत होता, नंदाची बस पाचची. जेवणं एकलाच आटोपली. तीनला काकांनी अक्षता तयार केल्या. देवीवर त्या टाकून ‘पुन्हा या’ म्हणायचं आणि मुखवटे जरासे हलवायचे, की झालं. मूठभर अक्षता घेऊन ते वळले तर नंदा महालक्ष्म्यांसमोर, ज्येष्ठेच्या पदराशी डोकं टेकून, खाली जमिनीवरच केव्हाची झोपून गेली होती. तोंड किंचित उघडं, हातात अर्धवट दुमडलेला रुमाल. लहान मुलं गाडीत झोपतात तशी.

सव्वातीन झाले. मी काकांना घड्याळ दाखवलं. त्यांनी पाहिलं, मान हलवली आणि मूठ तशीच ठेवून उभे राहिले. तेवढ्यात साहूने काम संपवून ड्रायव्हरच्या बाजूच्या दारातून इंजिन चालू केलं. सगळं घर थरथरलं, फुलोऱ्यातल्या करंज्या डोलायला लागल्या. काका कधी पायऱ्या उतरले ते मला दिसलंच नाही. बाहेरून त्यांचा दबका आवाज आला, “बंद करो, बंद करो, भाई. अंदर बेटी सोई है.” इंजिन बंद झालं. मग ते अंगणाच्या तोंडाशी जाऊन उभे राहिले आणि आत वळणाऱ्या प्रत्येक ट्रकला एका हाताने थांबवून हॉर्न वाजवू नका म्हणून सांगू लागले. दुसऱ्या हाताची मूठ अजून मिटलेलीच होती.

साडेतीन झाले. तिला झोपून दोन तास होऊन गेले होते, आणि नंदाने हात चाचपला नव्हता, दचकली नव्हती. मी काकांजवळ गेलो. वेळेवर म्हणजे वेळेवर असं म्हणणारा हा माणूस मुहूर्त डोळ्यांदेखत जाऊ देत होता, आणि मला वाटलं, निदान आठवण तरी करून द्यावी.

“काका, मुहूर्त गेला. पाचची बसही जाईन.”

“जाऊ द्या,” ते म्हणाले. “तीन वर्सांत पयल्यांदा थे सलग झोपली, सर. माहेरवाशिनीले झोपेतून उठवून कोनी सासरी धाडते का? या दोघी बी बसतीन थोड्या वेळ जास्त. त्यायलेही कोनती घरी जायची घाई हाये?”

मी मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवलं आणि रस्त्याच्या दुसऱ्या बाजूने येणारे ट्रक थांबवायला गेलो.